फुरा-२ चा रेशो काहीही न घालता चढतोय? कॅल्शियम इमेजिंगमधली सरकती बेसलाइन कशी शोधायची

डिश मायक्रोस्कोपवर बसवली आहे, पेशींवर फक्त बफर (पीएच स्थिर ठेवणारे क्षारांचे द्रावण) आहे, पेशींना उत्तेजित करणारे एटीपी अजून पिपेटमध्येच आहे. तरीही फुरा-२ या कॅल्शियम दाखवणाऱ्या चमकत्या डायचा ३४०/३८० चा रेशो (३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मिळणाऱ्या चमकेचा भागाकार) हळूहळू वर चालला आहे, म्हणजे काही घालण्याआधीची पातळी, बेसलाइन, सरकते आहे. आमच्या इमेजिंगच्या खोलीत सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. ती दुरुस्त करताना एक गोष्ट पक्की झाली: बिघाड यंत्रात आहे की पेशीत, हे ठरेपर्यंत कशालाही स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही आणि डायची नवी कुपीही फोडायची नाही. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत आणि बहुतेकांचे काम तिथेच होते.

आधी लक्षण ओळखा

- दोन्ही तरंगलांबींची चमक उतरते, रेशो मात्र चढतो. हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो.
- दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरतात, रेशो सपाट राहतो. उतार फार नसेल तर प्रयोग चालू ठेवता येतो.
- ३४० ची चमक वाढते, ३८० ची घटते. हे खरे कॅल्शियम असू शकते.
- रेशो ठरावीक वेळाने वरखाली होतो आणि चित्रही किंचित धूसर होऊन परत स्पष्ट होते.
- एका फ्रेमपासून पुढे अचानक उडी बसते आणि रेशो खाली येत नाही.
- एका रेकॉर्डिंगमध्ये सगळे ठीक असते, पण गेल्या काही महिन्यांत ३४० चे चित्र अंधारत गेले आहे.

यातले तुमचे लक्षण कोणते ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला ते लागेल.

रेशो बंद करा, कच्चे आकडे उघडा

फुरा-२ हा डाय रॉजर त्सिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. कॅल्शियम चिकटल्यावर तो ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने जास्त चमकतो आणि ३८० ने कमी. दोन्ही वेळा कॅमेरा ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टिपतो. म्हणजे पेशीतले कॅल्शियम खरेच वाढले तर दोन आलेख एकमेकांच्या विरुद्ध जायलाच हवेत. दोन्ही एकाच दिशेने चालले असतील, तर त्या बदलाला निव्वळ कॅल्शियम जबाबदार नाही.

सॉफ्टवेअर पडद्यावर फक्त रेशो दाखवते आणि विद्यार्थी तेवढाच बघतात. जुनी फाइल उघडा, ३४० आणि ३८० चे आलेख वेगवेगळे काढा. पाच मिनिटांचे काम आहे, त्यासाठी मायक्रोस्कोप लागतही नाही, आणि याच्याइतकी माहिती दुसरी कुठलीही तपासणी देत नाही.

अचानक उडी बसली असेल तर एक जास्तीचा हिशेब करा. उडीपूर्वीचा रेशो ०.५ आणि नंतरचा २ असेल, म्हणजे नवा आकडा जुन्याचा व्यस्तांक असेल, तर एक फ्रेम गळून ३४० आणि ३८० ची अदलाबदल झाली आहे. पेशींना काहीही झालेले नाही. फाइलमधल्या फ्रेमच्या वेळा पाहिल्या की नेमकी कुठली फ्रेम गळली ते सापडते, आणि डेटा वाचवता येतो.

बॅकग्राउंड आणि कॅमेऱ्याचा ऑफसेट

इथे मी जरा थांबणार आहे, कारण ‘चमक उतरते पण रेशो चढतो’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते.

शटर बंद असले तरी कॅमेरा शून्य आकडा देत नाही. पुष्कळ कॅमेरे प्रत्येक पिक्सेलला १०० च्या आसपासचा ठरावीक आकडा जोडूनच देतात. समजा पेशीची खरी चमक ३४० ला २०० आणि ३८० ला ४०० आहे. खरा रेशो ०.५. ऑफसेट न वजा करता भागाकार केला तर ३०० भागिले ५००, म्हणजे ०.६. वीस मिनिटांनी डाय गळून किंवा फिका पडून चमक निम्मी झाली: १०० आणि २००. खरा रेशो अजूनही ०.५ च आहे, पण तुमचा आकडा २०० भागिले ३००, म्हणजे ०.६७ येतो. चमक आणखी निम्मी झाली की १५० भागिले २००, ०.७५. कॅल्शियम जागचे हललेले नाही, तरी पडद्यावर सुंदर चढता आलेख तयार होतो. असा आलेख निकाल म्हणून मांडला गेला की पुढची सगळी चर्चाच चुकीच्या पायावर उभी राहते, म्हणून हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

उपाय साधा आहे. पेशी नसलेली जागा निवडा, तिथली चमक दोन्ही तरंगलांबींना वेगवेगळी मोजा, प्रत्येक फ्रेममधून वजा करा आणि मगच भागाकार करा. रेशो काढून झाल्यावर बॅकग्राउंड वजा करणे निरर्थक आहे. बॅकग्राउंडची जागा पेशीच्या जवळ, पण तिच्या चमकेच्या बाहेर असावी. पेशी गच्च वाढलेल्या असतील आणि मोकळी जागाच नसेल, तर डाय न घातलेली डिश त्याच एक्सपोजरवर टिपून तो आकडा वापरा. त्या आकड्यात पेशींची स्वतःची चमकही येते, हा त्याचा जास्तीचा फायदा.

त्याच वेळी सर्वांत चमकदार पिक्सेल पाहा. १२ बिट कॅमेऱ्याची कमाल ४०९५. तिथे ३८० चे चित्र टेकले असेल तर भागाकाराचा छेद कापला गेला आहे आणि रेशो खोटा आहे. एक्सपोजर कमी करा. ३४० आणि ३८० चे एक्सपोजर वेगळे ठेवायला हरकत नाही, मात्र प्रयोगांच्या एका मालिकेत ते बदलू नका.

खोली, एसी, तेल

ठरावीक वेळाने वरखाली होणाऱ्या रेशोसाठी एसीकडे बघा. कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याची वेळ आणि आलेखातल्या लाटा जुळतात का ते तपासा. ॲल्युमिनियमचा १० सेंटिमीटर लांबीचा भाग एका अंशाने तापला की सुमारे २.३ मायक्रोमीटर वाढतो. ४० पट, १.३ एनएच्या (एनए म्हणजे प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचा आकडा) तेलाच्या ऑब्जेक्टिव्हची, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाची, फोकसची खोली अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असते. म्हणजे अंशाच्या पाव भागानेही फोकस हलू शकतो. फोकस गेला की पेशीचा प्रकाश पसरतो, तुमच्या चौकटीत बॅकग्राउंडचा वाटा वाढतो, आणि वरचा हिशेब पुन्हा लागू होतो.

एसीचा झोत मायक्रोस्कोपवर थेट येत असेल तर पट्ट्या वळवा किंवा मध्ये पुठ्ठा उभा करा. तापवलेला चेंबर वापरत असाल तर ऑब्जेक्टिव्हसह सगळे एकसारखे तापायला तास-दीड तास द्या. डिश होल्डरमध्ये घट्ट आहे का, हे बोटाने हलकेच हलवून बघा. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरचीच आहे ना, हेही पाहा. प्लॅस्टिकच्या तळाची डिश इथे चालत नाही: साधे प्लॅस्टिक ३४० चा प्रकाश अडवते आणि स्वतः चमकते.

तेलाबद्दल दोनच सूचना. दोन कंपन्यांची तेले मिसळू नका, आणि फ्लुओरेसन्ससाठीचेच तेल वापरा. काही तेले अतिनील प्रकाशात स्वतः इतकी चमकतात की ३४० चे बॅकग्राउंड पेशीच्या वर जाते.

खोलीत उजेड किती आहे, दार उघडले की बॅकग्राउंड उडते का, हे बघायला काहीच लागत नाही. तेवढे उरकून पुढे जा.

उतार वेळेमुळे की प्रकाशामुळे?

आता एकाच डिशवर दोन रेकॉर्डिंग घ्या. पहिले दर सेकंदाला एक जोडी, दुसरे दर दहा सेकंदांना एक जोडी. एक्सपोजर तेच, एकूण वेळ तीच. दुसऱ्यात उतार जवळजवळ नाहीसा झाला, तर दोष प्रकाशाचा: डाय जळतो आहे. दोन्हींत उतार सारखाच असेल तर प्रकाश निर्दोष. डायची गळती, तापमान किंवा बाष्पीभवन शोधा.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण रेशो काढल्याने डायच्या जळण्याचा प्रश्न सुटतो असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. फुरा-२ जळताना त्यातून असा पदार्थ तयार होतो जो अजूनही चमकतो पण कॅल्शियमला दाद देत नाही. त्यामुळे रेशोच बिघडतो, आणि कितीही बॅकग्राउंड वजा केले तरी तो सुधारत नाही. शिवाय अतिनील प्रकाशाचा मारा पेशीलाही सोसत नाही. तिने त्रासून खरेच कॅल्शियम वाढवले तर आलेख विरुद्ध दिशांना जातील आणि तुम्ही त्याला निकाल समजाल. प्रकाश कमी करा, पिक्सेल एकत्र करून संवेदनशीलता वाढवा, आणि शटर फक्त एक्सपोजरपुरतेच उघडते आहे का ते डोळ्यांनी नव्हे, तर नमुन्याच्या जागी पांढरा कागद धरून, अतिनील चष्मा घालून बघा.

पेशी नसलेला थेंब

फुकटच्या तपासण्या इथे संपतात. ही थोडी डाय खाते, पण यंत्र आणि पेशी यांचा निवाडा हीच करते.

फुरा-२ चे पोटॅशियम सॉल्ट घ्या. एएम रूप, म्हणजे पेशीत शिरावी म्हणून एस्टर जोडलेली डाय, नको. ते तोडले गेल्याशिवाय कॅल्शियम धरतच नाही. ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन) आणि कॅल्शियम घातलेल्या, पीएच ७.२ च्या बफरमध्ये ते काही मायक्रोमोलर विरघळवा. ईजीटीएची पकड पीएचवर फार अवलंबून असते, तेव्हा पीएच मोजूनच घ्या. नेहमीच्याच चेंबरमध्ये थेंब ठेवा, वाळू नये म्हणून झाका, फोकस काचेच्या थोडा वर ठेवा आणि प्रयोगाच्याच सेटिंगवर वीस मिनिटे रेकॉर्ड करा. डाय नसलेला बफर तसाच टिपून तो बॅकग्राउंड म्हणून वजा करा.

रेशो सपाट राहिला तर दिवा, फिल्टर आणि कॅमेरा ठीक आहेत. दोन गोष्टी मात्र हा थेंब सांगत नाही. एकजीव द्रावणात फोकस हलला तरी चमक फारशी बदलत नाही, म्हणून फोकससाठी काचेवर चिकटवलेले मणी किंवा एखादा ओरखडा वेगळा बघावा लागतो. आणि द्रावणात जळलेले रेणू पसरून जातात, नवे येतात, त्यामुळे जळणे इथे झाकले जाते. ते आधीच्या तपासणीनेच कळते.

ही फाइल जपून ठेवा. यंत्र चांगले असतानाचा थेंब रेकॉर्ड केलेला असेल, तर बिघाडाच्या दिवशी तुलनेला काहीतरी हाताशी असते.

थेंब सपाट असेल तर डाय आणि पेशी

सर्वांत मोठा संशयित म्हणजे गळती. पेशी फुरा-२ ला बाहेर पंप करतात, आणि ३७ अंशांना हे जोरात होते. विश्रांतीतल्या पेशीत मोकळे कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या आसपास असते; बाहेरच्या बफरमध्ये १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा ते वीस हजार पट. बाहेर पडलेला प्रत्येक रेणू लगेच कॅल्शियमने भरतो आणि ३४० ला चमकतो. पेशीतली डाय घटते, बाहेरची वाढते, रेशो चढतो. त्यात भर म्हणून पेशीतला मूळचाच चमकणारा रेणू एनएडीएच ३४० नॅनोमीटरलाच उत्तेजित होतो. डाय जितकी कमी, तितका त्याचा वाटा ठळक.

तपासायला सोपे आहे: बफर वाहता ठेवा. वाहत्या बफरने रेशोचा चढ कमी झाला तर गळतीच. उपाय म्हणजे तापमान चालत असेल तर खोलीइतके ठेवणे, किंवा डाय बाहेर टाकणारे पंप रोखणारे प्रोबेनेसिड १ ते २.५ मिलिमोलर घालणे. प्रोबेनेसिड आधी सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवावे लागते, म्हणून बफरचा पीएच पुन्हा ७.४ वर आणायला विसरू नका. ते पेशीतल्या इतर वाहकांवरही परिणाम करते, तेव्हा कंट्रोलच्या डिशमध्येही ते हवेच.

दुसरे, अर्धवट तुटलेली एएम डाय. लोडिंगनंतर (पेशींत डाय भरून झाल्यावर) धुऊन वीस-तीस मिनिटे न थांबता रेकॉर्डिंग सुरू केले, तर एस्टर तुटत असतानाच मोजमाप होते आणि सुरुवातीची बेसलाइन सरकत राहते. घाई करू नका.

तिसरे, डाय चुकीच्या जागी. ३७ अंशांना आणि जास्त वेळ लोड केले की ती पेशीच्या आतल्या कप्प्यांत शिरते. चित्रात ठिपके किंवा तंतू दिसू लागले तर लोडिंग २५ अंशांच्या आसपास आणि कमी वेळ करून बघा. २ ते ५ मायक्रोमोलर, अर्धा तास, सोबत डाय पाण्यात मिसळायला मदत करणारे ०.०२ टक्के प्लुरॉनिक, इथून सुरुवात करावी.

कुपीचेही बघा. डाय ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ हवेतली ओल ओढते आणि ओल एएम एस्टर तोडते. तुटलेली डाय पेशीत शिरत नाही, फक्त बॅकग्राउंड वाढवते. मुंबई-कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडली की आत दव जमतेच. बंद कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. डाय छोट्या भागांत वाटून ठेवा आणि उरलेला भाग परत गोठवू नका.

आलेख खरोखर विरुद्ध जात असतील तर बफर तपासा. बायकार्बोनेटचे माध्यम कार्बन डायऑक्साइडशिवाय ठेवले की अल्कधर्मी होत जाते, उघड्या डिशमधून पाणी उडते आणि क्षारांचे प्रमाण वाढते. हेपेस (कार्बन डायऑक्साइडशिवायही पीएच टिकवणारे रसायन) असलेला, फिनॉल रेड हा रंग नसलेला बफर वापरा. तापमान बदलून जुन्याच आकड्यांनी कॅल्शियम काढू नका: फुरा-२ चा विघटन स्थिरांक (ज्या कॅल्शियमला निम्मी डाय भरते तो आकडा) २० अंशांना सुमारे १३५ नॅनोमोलर आहे, ३७ अंशांना सुमारे २२४. शेवटी कॅल्शियम पेशीत आत सोडणारे आयोनोमायसिन आणि नंतर ईजीटीए देऊन कमाल-किमान रेशो काढा. या दोन टोकांमधले अंतर नेहमीपेक्षा आक्रसलेले असेल, तर पेशीतली बरीच डाय कॅल्शियमला दाद देण्याच्या अवस्थेत नाही.

थेंबही सरकत असेल तर यंत्र

दिवा पुरेसा वेळ चालू होता का? आर्क दिव्याला अर्धा तास द्या. एकच झेनॉन दिवा दोन्ही तरंगलांबी पुरवत असेल तर त्याची सावकाश चढउतार रेशोमध्ये बरीचशी कटून जाते. दोन वेगळे एलईडी असतील तर ती कटत नाही, कारण प्रत्येकाचा तापण्याचा वेग वेगळा. एलईडी असूनही रेशो पहिली काही मिनिटे सरकतो तो त्यामुळे. रेकॉर्डिंगआधी त्याच लयीत दोन्ही एलईडी चालवून घ्या, नमुना मात्र झाकलेला.

बल्बचे तास वाचा. १०० वॅटच्या पाऱ्याच्या बल्बचे आयुष्य साधारण २००, ७५ वॅटच्या झेनॉनचे साधारण ४०० तास. ३४० चे चित्र महिन्यागणिक अंधारत असेल तर आधी हाच आकडा. पाऱ्याचा दिवा मुळात फुरा-२ ला फारसा मानवत नाही. त्याचा जोर ३६५ च्या रेषेवर आहे, ३४० ला तो दुबळा.

एकच तरंगलांबी कमी होत असेल तर फिल्टर. तो काढून, कडेला धरून, पांढऱ्या उजेडापुढे बघा: डाग, सोलवटलेली कड, पोपडे दिसले की बदला. जुने फिल्टर ओलीने आणि अतिनील प्रकाशाने असेच जातात. ऑब्जेक्टिव्ह ३४० चा प्रकाश जाऊ देणारे आहे ना, हेही विचारा. कोणीतरी सोयीसाठी प्लॅन ॲपोक्रोमॅट प्रकारचे ऑब्जेक्टिव्ह लावून गेलेले असते आणि त्यातले बरेच ३४० ला जवळपास आंधळे असतात. पुढची काच लेन्स पेपर आणि शुद्ध इथेनॉलने हलकी पुसा. याच्यापुढे हात घालू नका.

इथे थांबा आणि इंजिनिअरला बोलवा

झेनॉनच्या बल्बमध्ये थंड असतानाही वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो आणि तो पेटवायला हजारो व्होल्टचा झटका लागतो. प्रशिक्षण, चेहऱ्यावरचे कवच आणि जाड हातमोजे नसतील तर बल्ब बदलू नका. पॉवर सप्लायचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडायचे नाही, प्लग काढलेला असला तरी. पाऱ्याचा बल्ब फुटला तर एसी बंद करून खिडक्या उघडा, सगळ्यांनी बाहेर पडा आणि संस्थेच्या सुरक्षा विभागाला कळवा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका.

ऑब्जेक्टिव्हच्या आत बुरशीचे जाळे दिसले, मोनोक्रोमेटर (दिव्याच्या प्रकाशातून एकच तरंगलांबी निवडणारा भाग) तरंगलांबी चुकवतोय असे वाटले, कॅमेऱ्याच्या काचेआड दव दिसले किंवा फिल्टर व्हील आवाज करत अडकत असेल, तरीही तिथेच थांबा. हे भाग कारखान्यात जुळवलेले असतात. उघडलेले ऑब्जेक्टिव्ह पुन्हा पूर्वीसारखे बसत नाही.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: थेंबाचे आजचे आणि जुने रेकॉर्डिंग, दोन्ही तरंगलांबींचे कच्चे आलेख, बल्बचे तास, आणि गेल्या काही आठवड्यांत काय बदलले त्याची नोंद. एवढे पाठवले की इंजिनिअर येताना बरोबर सुटा भाग घेऊन येतो. नाहीतर पहिली फेरी नुसती पाहणीत जाते, आणि तिचेही बिल येते.